कुबडी, वरची खोली आणि कानातला नाद : मिरजेतल्या कामाच्या नोंदी

23 जून 2024

वरची खोली रिकामी झाली आहे. मुलगा पुण्याला गेला, त्याची पुस्तकं आणि खाट खाली आणली. खोली दहा बाय नऊ, वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी, पश्चिमेला एक जुनी लाकडी खिडकी. इथं नादानुसंधानाला, म्हणजे कान मिटून आतला नाद ऐकत मन लावायला, बसायची सोय करायची आहे. खाली बसून पाहिलं होतं, पण टीव्ही, कुकर आणि दारावरची बेल यांच्यापुढं कुठला अनाहत नाद टिकतो!

नोंदी ठेवायचं कारण असं की या विषयावर मिळतं ते एकतर संस्कृत श्लोक, नाहीतर 'अद्भुत अनुभव'. अंगठ्यांनी कान मिटून अर्धा तास बसलं की खांद्यांचं काय होतं, कोपर कशावर टेकायचं, हे कुणी लिहीत नाही. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथाच्या चौथ्या उपदेशात स्वात्मारामांनी सांगितलंय की ज्यांना तत्त्वबोध झेपत नाही अशा मूढांनाही चालेल अशी ही नादोपासना गोरक्षनाथांनी सांगितली. मूढ म्हटल्यावर मी पात्र आहेच. इचलकरंजीत कापडाच्या मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून आयुष्य गेलं, तेव्हा पटाशी-पाना हातात धरता येतो एवढंच भांडवल.

26 जून

दोन दिवस षण्मुखी मुद्रा करून पाहिली. अंगठे कानांवर, तर्जनी पापण्यांवर, मधलं बोट नाकपुडीशी, अनामिका आणि करंगळी ओठांच्या वर-खाली. सात-आठ मिनिटांत खांदे भरून येतात. मग लक्ष नादाकडं कमी आणि घड्याळाकडं जास्त.

पहिल्याच बैठकीला मेघगर्जना ऐकू आली. खोल, गडगडणारी, दोन्ही कानांत. प्रदीपिकेत सुरुवातीच्या नादांत समुद्र, मेघ, भेरी आणि झर्झर हेच दिलेत, त्यामुळं छाती जरा फुगली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, एवढ्या लवकर पोचलात तर खोली कशाला आवरली?"

2 जुलै

गर्जनेचा निकाल लागला. फोमचे इअरप्लग आणले (जोडी 40 रुपये), ते घातले आणि हात मांडीवर ठेवले. गडगडाट बंद. परत अंगठे लावले, परत चालू. अंगठे जास्त दाबले तर आवाज वाढतो. म्हणजे तो हाताच्या स्नायूंचा आवाज. ताणलेला स्नायू सेकंदाला वीस-पंचवीस वेळा बारीक थरथरत असतो आणि ती थरथर हाडांतून कानात पोचते. वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1810 साली छापलेल्या व्याख्यानात हेच लिहून ठेवलंय. त्याला ती लांबवरच्या रस्त्यावरून गाड्या गेल्यासारखी वाटली होती.

यातून कामाची दिशा मिळाली. हात सैल सोडता आले पाहिजेत, म्हणजे कोपरांना टेकू हवा. उत्तरेत राधास्वामी परंपरेतले अभ्यासी 'शब्द', म्हणजे आतला नाद, ऐकायला बसताना लाकडी टी-आकाराची टेकणी वापरतात, तिला बैरागन म्हणतात. आपल्याकडं गोसाव्यांची कुबडी असतेच, समर्थांच्या चित्रातही ती दिसते. तशी एक करायची.

इअरप्लग घालूनच का बसत नाही, असं कुणीही विचारेल. बसून पाहिलं. प्लग फुगून कानाच्या नळीला चिकटतो, श्वास, गिळणं, जबडा हे सगळं आतून मोठं ऐकू येतं आणि वीस मिनिटांनी कान खाजतो. शिवाय हात मोकळे राहिले की ते उगीच हालतात.

9 जुलै

कुबडी, पहिली आवृत्ती. वखारीतून सागाचे तुकडे आणले, 650 रुपये. दांडा दीड इंच चौरस, वरची पट्टी सोळा इंच लांब, अडीच इंच रुंद. पट्टीत खाच पाडून दांडा आत बसवला, फेविकॉल लावलं, वरून पाचर ठोकली. रंधा शेजारच्या मिस्त्रींकडून घेतला. त्यांनी काम बघून "हे कशाला?" असं विचारलं. ध्यानाला, म्हटल्यावर पुढं काही बोलले नाहीत, पण पाचर काढून स्वतःच्या हातानं नीट बसवून दिली. पैसे घेतले नाहीत.

उंची 22 इंच ठेवली. घोंगडीवर ताठ बसून, कोपर खांद्यापेक्षा जरा खाली धरून बायकोकडून टेपनं माप घेतलं होतं.

10 जुलै

तीन गोष्टी बिघडल्या.

सोळा इंच पट्टी अपुरी पडते. कोपरं आत येतात, छाती आवळली जाते, श्वास वरच्या वर राहतो. कमीत कमी वीस इंच हवी होती.

दुसरं म्हणजे उंची. माप घेताना माणूस ताठ असतो. पंधरा मिनिटांनी पाठ सैल होते आणि धड इंच-सव्वा इंच खाली बसतं. मग तीच पट्टी उंच होते आणि खांदे कानाकडं ढकलले जातात. माप घ्यायचंच तर आधी पाव तास बसून मग घ्या.

तिसरं, दांड्याचं खालचं टोक शहाबादीवर सरकतं. डोळे मिटलेले, दोन्ही हात कानाला आणि टेकू पुढं निघाला, की कपाळ थेट फरशीकडं. थोडक्यात वाचलो.

14 जुलै

पट्टी नवीन, एकवीस इंच. दांडा खालून सव्वा इंच कापला. टोकाला म्हाताऱ्यांच्या काठीला असतं ते रबरी बूट, 30 रुपये. आता हलत नाही. पाठ सैल झाल्यावरही खांदे जागेवर राहतात. अंगठे कानात खुपसायचे नाहीत, कानाच्या भोकापुढं जो कूर्चेचा छोटा उंचवटा असतो तो हलक्यानं आत दाबायचा, झाकण लागतं. कोपर टेकलेलं असल्यामुळं दाब कमी लागतो. गडगडाट जवळपास गेला. नखं मात्र रोज बघावी लागतात.

डोळ्यांबद्दल इथंच लिहून ठेवतो. तर्जनीनं बुबुळ दाबलं की निळे-पिवळे उजेड दिसतात. ते दाबाचे उजेड. त्यात रमू नये आणि काचबिंदू असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डोळ्यावर बोट ठेवूच नये. मी तर्जनी भुवईच्या हाडावर टेकवतो, पापणीला फक्त स्पर्श.

17 जुलै

आषाढी. गल्लीत दिवसभर भजन. बसलो नाही.

25 जुलै

सलग पाऊस. कृष्णेला पाणी चढलंय, सांगलीकडच्या नातेवाइकांचे फोन चालू आहेत. कौलांवरचा पाऊस थांबला की बेडूक, बेडूक थांबले की रातकिडे. कान मिटले तरी रातकिडे आत येतात.

घेरंडसंहिता या हठयोगाच्याच दुसऱ्या ग्रंथात भ्रामरी प्राणायामाचं वर्णन आहे: अर्धी रात्र उलटल्यावर, जिथं जीवजंतूंचा आवाज नाही तिथं बसून कान झाकायचे, आणि उजव्या कानात आतला नाद ऐकायचा. त्यातला पहिला नाद झिंजी, म्हणजे झिल्लीचा, रातकिड्याचा! बाहेर रातकिडा आणि आतही रातकिडाच, ओळखायचं कसं? त्यावर माझी सोपी कसोटी अशी आहे: अंगठ्यांचा दाब किंचित कमी-जास्त करायचा. बाहेरचा आवाज त्याबरोबर वाढतो-घटतो, आतला हलत नाही किंवा कान मिटल्यावर उलट स्पष्ट होतो.

ओढ्याकाठी, शेताजवळ घर असेल तर पावसाळ्यात हा उद्योग सुरू करू नये. कार्तिकापासून करावा.

28 जुलै

खोली बंद करायचं काम. खिडकीच्या फटींना रबरी पट्टी (दहा मीटर, 280 रुपये), दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी, पश्चिमेच्या भिंतीवर आईची जुनी वाकळ. रस्त्यावरची बोलणी, स्कूटर, कुत्री यांत चांगला फरक पडला. रेल्वेत शून्य फरक. मिरज जंक्शनला पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि कुर्डुवाडी अशा चारी बाजूंनी गाड्या येतात. इंजिनाचा घोगरा आवाज भिंतीतून आणि जमिनीतून येतो. त्याला वाकळ काय करणार! जाड भिंतच लागते. तो नाद सोडला. गाड्यांमधला मोकळा वेळ बघून बसायचं ठरवलं, पहाटे साडेतीननंतर बरा मिळतो.

वाकळीला मात्र वास येतो. उन्ह पडलं की वाळवायची.

1 ऑगस्ट

आठवडाभर एक छान भ्रमरनाद मिळत होता. उजवीकडून, एका सुरात, मध्यम, सतत. प्रदीपिकेनं उजव्याच कानात ऐकायला सांगितलंय आणि भ्रमर, म्हणजे भुंगा, शेवटच्या, सगळ्यात सूक्ष्म नादांच्या गटातला. मी त्यावर रोज टिकत होतो, मन बरंच बसत होतं.

आज पहाटे लाइट गेली आणि भ्रमर उडाला.

जिन्यातल्या जुन्या ट्यूबलाइटचा चोक होता. तो भिंतीवर स्क्रूनं घट्ट बसवलेला आणि भिंत माझ्या उजव्या हाताला. भिंत गुणगुणत होती. नवीन एलईडी पट्टी लावली, 220 रुपये. इन्व्हर्टर, बेलचा ट्रान्सफॉर्मर, वायफायचा डबा, मोबाइलचा चार्जर, सगळ्याला कान लावून आलो. बेलचा ट्रान्सफॉर्मरही बारीक गुणगुणतो. रात्री त्याचं बटण बंद.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी पहिल्याच दिवशी मेन स्विच बंद करून दहा मिनिटं बसावं. माझा महिना वाचला असता.

4 ऑगस्ट

कानाच्या डॉक्टरांकडं. तपासणी 500, मळ काढायचे 300, श्रवणचाचणी 600. उजव्या कानात मळाचा खडा होता, अंगठा लावला की तो पडद्याकडं सरकत असणार. तो निघाल्यावर नाडीचे ठोके कमी ऐकू येतात.

चाचणीचा आलेख खाली पडलाय तो 4000 हर्ट्झपाशी, डावीकडं जास्त. मागाच्या खडखडाटात राहिलेल्या माणसाचा हाच आलेख असतो, असं डॉक्टर म्हणाले. डाव्या कानात जी बारीक शिट्टी मला वर्षानुवर्षं ऐकू येते ती त्याच जागेची. त्याला टिनिटस म्हणतात. रोज पहाटे कान मिटून आतला आवाज ऐकतो, हे सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. पण हसले नाहीत. दोन गोष्टी बजावल्या: एकाच कानात ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज कायम येऊ लागला, किंवा आवाजाबरोबर चक्कर आली, ऐकणं अचानक कमी झालं, तर बसायचं बंद आणि लगेच दाखवायचं.

निरोगी कानालाही पूर्ण शांततेत काहीतरी ऐकू येतंच. 1953 साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी 80 निरोगी माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं तेव्हा 94 टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचं सांगितलं. गुणगुण, झिणझिण, शिट्टी. हे वाचल्यावर काही दिवस बसण्यात रस राहिला नाही, खरं सांगायचं तर.

9 ऑगस्ट

नागपंचमीला शिराळ्याला पाहुण्यांकडं. गोरखनाथांच्या देवळात जाऊन आलो. तिथं बाहेर एक कानफाटे नाथ बसले होते, गळ्यात काळ्या लोकरीच्या दोऱ्यात अडकवलेली शिंगी, म्हणजे छोटी शिट्टी. पूजेआधी ती फुंकतात. नाद हे त्यांच्याकडं त्या शिट्टीचंच नाव. बोटभर वस्तू, पण आवाज पार रस्त्यापर्यंत. त्यांना विचारलं, आतला नाद आणि कानातला रोग यात फरक कसा करायचा? ते म्हणाले, "रोज बसता का?" हो म्हटलं. "मग बसा की." एवढंच. प्रसाद घेऊन परत आलो.

18 ऑगस्ट

कोपरापासून करंगळीपर्यंत मुंग्या, बारीक वीज गेल्यासारखं. अनामिका आणि करंगळी या दोनच बोटांत. प्राण नाड्यांतून वाहतो, शिरशिरी येते, वगैरे जे वाचलं होतं त्यात हे बरोबर बसत होतं आणि चोकानंतर काहीतरी खरं मिळाल्याचं समाधान होतं.

संध्याकाळी चहा पिताना कप धरला तरी तीच दोन बोटं बधिर. तेव्हा उजेड पडला. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून जी शीर जाते, जिला धक्का बसला की हात झणझणतो, ती सागाच्या कडक पट्टीवर चेपत होती. चांगलंच झालं लवकर कळलं, ही शीर जास्त दिवस दाबली तर बोटांची ताकद जाते.

उपाय: आधी रेक्झिन आणि स्पंज लावला (180 रुपये). घामानं कोपर सरकतं, फुकट गेले. तो काढून कापूस आणि खादीचा जुना पंचा, दोरीनं गुंडाळून दोन्ही टोकांना गादी. आणि कोपराचं टोक टेकवायचं बंद. कोपराच्या दोन बोटं पुढचा, मनगटाकडचा मांसल भाग टेकवतो. त्यासाठी कुबडी शरीराच्या दोन इंच जवळ घ्यावी लागली. चार दिवसांत मुंग्या गेल्या.

कुणाला या बैठकीत बोटांत 'शक्तीचा संचार' जाणवला तर कोणती बोटं ते आधी बघा.

31 ऑगस्ट

पट्टीला लाखेचं पॉलिश केलं. गल्लीच्या टोकाला सतारमेकर चाचा आहेत, त्यांच्याकडून चपडा आणला. तंबोऱ्याला लावतात तोच. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण हे काय चाललंय ते पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, "वेळ काढून या एकदा. ऐकायचं ते इथं बसून शिका आधी."

18 सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. मिरजेची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि आमचं घर तिच्या वाटेजवळ. डीजेच्या भिंतीसमोरून घरी येताना दोन मिनिटं अडकलो. आज पहाटे बसलो तर कानात प्रचंड नाद, घंटा, शंख, सगळं एकदम. हे कशाचं, ते आता विचारावं लागत नाही. आवाजानं कान सुजल्यासारखा होतो आणि एक-दोन दिवस वाजत राहतो. आठवडाभर सुट्टी.

पुढच्या वर्षी त्या दोन दिवसांत गावाबाहेर.

2 ऑक्टोबर

स्वराचं, म्हणजे कुठल्या नाकपुडीतून श्वास चालू आहे ते बघण्याचं, काम हातात घेतलं. प्रदीपिका म्हणते की शुद्ध झालेल्या सुषुम्नेच्या, म्हणजे मधल्या नाडीच्या, वाटेत नाद स्पष्ट ऐकू येतो. सुषुम्ना मला दिसत नाही, पण इडा-पिंगला म्हणजे डावी-उजवी नाकपुडी, ती तपासता येते. स्टीलची थंड ताटली नाकाखाली धरायची. वाफेचे दोन डाग पडतात. मोठा डाग ज्या बाजूचा तो स्वर चालू.

शिवस्वरोदय या स्वरांवरच्या ग्रंथात एकेका स्वराचा वेळ अडीच घटका, म्हणजे एक तास दिलाय. माझ्या ताटलीवर तसं होत नाही. कधी दीड तास, कधी तीन, सर्दी असली की हिशोबच नाही. नाकाच्या आतल्या अस्तराची सूज बाजू बदलत असते म्हणून हे घडतं. जर्मनीतल्या कायझर यांनी 1895 साली त्याचं वर्णन केलं आहे.

उरलेल्या सागातून दुसरी, छोटी कुबडी केली, बगलेत घ्यायची. सतरा इंच, वर चंद्रकोरीसारखी पट्टी. उजव्या बगलेत दाब दिला की डावी नाकपुडी मोकळी होते आणि उलट. जुन्या योग्यांच्या योगदंडाचा हा उपयोग. ताटलीवर दहा-बारा मिनिटांत फरक दिसतो. रोज नाही, पण बहुतेक वेळा. यात कुठलीही श्रद्धा लागत नाही, बगलेतल्या दाबाची ती शरीराची प्रतिक्रिया आहे.

जोरात रेलू नये. बगलेतून हाताच्या सगळ्या शिरा जातात. शरीराचं थोडंसं वजन, बस.

दोन्ही डाग सारखे असताना बसलं तर काय होतं? श्वास आपोआप बारीक होतो, हे मला वारंवार दिसलं. आणि श्वास बारीक झाला की कान मिटल्यावर होणारी श्वासाची घरघर जाते. नाद स्पष्ट ऐकू येण्यामागं निदान एवढं तरी कारण आहे. बाकी सुषुम्नेचं ज्यांना कळतं त्यांनी सांगावं.

13 ऑक्टोबर

चाचांकडं सकाळभर बसलो. कामाच्या जागेत भोपळे टांगलेले, तुणीच्या लाकडाचा भुसा, सरसाचा वास. तंबोरा मांडीवर आडवा घेऊन ते जवारी काढत होते, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून सूर उघडत होते. घोडीच्या वरच्या पृष्ठाला पॉलिश पेपरनं एक हात मारायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत एक हात. मग तारेखाली सुती धागा सरकवला. एका ठिकाणी तार नुसती टणकन् वाजते. धागा केसभर पुढं नेला आणि त्याच तारेतून सूर उघडला, वर गंधार ऐकू येऊ लागला, जो कुणी वाजवलेलाच नाही.

"हे बघा," चाचा म्हणाले, "तार वाजवली ती मी. हा वरचा कुणी वाजवला?" परत छेडली. "सुरुवात ऐकू नका. ती सगळ्यांना ऐकू येते. शेपूट धरा आणि जावा मागं मागं."

विज्ञानभैरव या ध्यानाच्या जुन्या ग्रंथात तंतुवाद्याच्या लांबत जाणाऱ्या आवाजावर असंच चित्त लावायला सांगितलंय, हे मी घरी आल्यावर बघितलं. चाचांनी ते वाचलेलं नाही, त्यांना गरजही नाही. जवारी काढणारा माणूस दिवसभर तेच करतो.

त्यांनी एक जुना, तडा गेलेला छोटा तंबोरा महिनाभर वापरायला दिला. दोन तारा बदलून घेतल्या, 160 रुपये.

20 ऑक्टोबर

नवा क्रम. आधी ताटली, गरज पडली तर बगलेची कुबडी. मग तंबोऱ्याचा खर्ज एकदा छेडायचा आणि पूर्ण विरेपर्यंत ऐकायचं. विरला असं वाटल्यावरही दोन श्वास तिथंच थांबायचं. असं काही वेळ केल्यावर तंबोरा बाजूला, मोठी कुबडी पुढं, भ्रामरीचे पाच-सहा गुंजारव, कान बंद.

भ्रामरीनं नाक मोकळं होतं, हा अनुभव जुनाच. स्वीडनमधल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी 2002 साली मोजलं तेव्हा गुणगुणताना नाकातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या पंधरा पट भरला होता. ते असो. मला तिचा उपयोग वेगळा आहे: गुंजारव थांबला की त्याची शेपूट डोक्यात असते आणि चाचांचा धडा तिथून पुढं चालू राहतो.

फरक मोठा आहे. आधी मी कान मिटून 'आता काय ऐकू येतंय' असं शोधत बसायचो, यादी समोर ठेवून. आणि यादीची तर गंमतच आहे. प्रदीपिकेत मेघ पहिल्या गटात आणि किंकिणी, वेणू, वीणा, भ्रमर शेवटी. हंसोपनिषदात दहा नाद दिलेत, त्यात चिणी, चिंचिणी पहिले आणि मेघ दहावा. म्हणजे एका ग्रंथात जो पहिलीत तो दुसऱ्यात दहावीत. मी दोन्ही याद्या भिंतीवर चिकटवल्या होत्या, काढून टाकल्या.

3 नोव्हेंबर

दिवाळी. फटाक्यांमुळं चार रात्री वाया. खिडकीची रबरी पट्टी उन्हानं एका बाजूला सुटली, परत चिकटवली.

16 नोव्हेंबर

पाऊस संपला, रातकिडे कमी झाले, पहाटे थंडी. घोंगडीवर एक जादा घडी घातली आणि दोन दिवस खांदे दुखले. आसन इंचानं वाढलं की कुबडी इंचानं लहान पडते, हे परत कळलं. रबरी बुटात लाकडाची चकती घालून उंची वाढवली.

आता काय ऐकू येतं ते लिहितो, जेवढं खात्रीनं लिहिता येईल तेवढं. अंगठ्यांचा गडगडाट नाही. नाडीचे ठोके पहिली पाच मिनिटं असतात, मनगटाशी जुळवून पाहिले, नाडीचेच. नंतर त्यांच्याकडं लक्ष राहत नाही. डाव्या कानातली मागाची शिट्टी आहे तशी आहे, ती कधीच जाणार नाही. या सगळ्याखाली, श्वास बारीक झाल्यावर, एक दुसरा आवाज असतो. शिट्टीपेक्षा बराच खालचा. डावा-उजवा असं सांगता येत नाही. दाब बदलून हलत नाही, ठोक्याशी जुळत नाही, मेन स्विच बंद करूनही असतो. शोधायला गेलं की सापडत नाही. भ्रामरीची शेपूट धरून गेलं तर कधी कधी तिथं पोचतो.

तो कानाचा, मेंदूचा की सुषुम्नेचा, याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. डॉक्टरांना परत दाखवलं, आलेख जसाच्या तसा आहे, खराब झालेला नाही. मन त्याच्यावर पूर्वीच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त वेळ राहतं आणि उठल्यावर डोकं जड नसतं.

24 नोव्हेंबर

खर्च लिहून ठेवतो, कारण विचारणारे तेच आधी विचारतात. साग 650. त्यातून दोन्ही कुबड्या झाल्या, पहिली सोळा इंची पट्टी तेवढी वाया. रबरी बूट 30, इअरप्लग 40, खिडकीची पट्टी 280, एलईडी 220, डॉक्टर पहिल्यांदा 1400 आणि परत दाखवायला 500, तारा 160, फुकट गेलेला रेक्झिन-स्पंज 180. एकूण 3460. चपडा, कापूस, पंचा आणि वाकळ घरच्या किंवा मैत्रीतल्या. यातला सगळ्यात उपयोगी खर्च डॉक्टरांचा आणि तो मी सगळ्यात आधी करायला हवा होता.

कुबडीची मापं अशी: वरची पट्टी 21 इंच, दांडा पावणेएकवीस आणि आता चकतीसकट पावणेबावीस. माझी उंची साडेपाच फूट, घोंगडी तीन घड्या. हे आकडे उचलू नका. दांडा दोन इंच जास्त ठेवा, पाव तास बसा, मग माप घेऊन खालून कापत या. लाकूड परत जोडता येत नाही.

तंबोरा चाचांना परत द्यायची मुदत उलटून गेली. द्यायला गेलो तर म्हणाले, राहू दे मार्गशीर्षापर्यंत. त्यांना मात्र मोठी कुबडी हवी आहे, ध्यानाला नाही; जवारी काढताना उजवं कोपर टेकायला. त्यांचं माप उद्या घ्यायचं आहे, बसवून, पाव तासानं.